पोयण झाली

देऊळघाटच्या सत्यभामाबाईजवळ सांगायला गोष्ट एकच होती, आणि ती तिने इतक्यांदा सांगितली होती की आळीतल्या बायकांना ती तोंडपाठ झाली होती. बारसं असो, हळदीकुंकू असो, बचत गटाची बैठक असो, चहाला जरा उशीर झाला की सत्यभामाबाई पदर सारखा करून मांडी घालायची आणि बायका एकमेकींना कोपर मारायच्या. आली चपलेची गोष्ट, आता चहा दोनदा झाला तरी ही संपायची नाही.

गोष्ट एवढीच, की ज्या काळात सासऱ्यापुढून चप्पल घालून जायची सुनेची टाप नव्हती, त्या काळात सत्यभामाबाई रोज भर दुपारी सासऱ्याच्या खाटेला खेटून चप्पल घालून गेली. नुसती गेली नाही, ठसक्यात गेली. शेवटचं वाक्य कधी बदलत नसे. "माही मोठी जाऊ भेत होती, ते जन्मभर अनवाणी गेली. मी नाई भ्याली." खरं सांगायचं तर आयुष्यात तिने दुसरं काही धाडस केलंच नव्हतं. नवऱ्याला, म्हणजे शेषरावला, कधी उलट उत्तर दिलं नाही. घरात काय शिजवायचं हे सासूने ठरवलं आणि मुलांची लग्नं पुरुषांनी. तिची स्वतःची म्हणावी अशी ही एवढी गोष्ट होती, म्हणून ती तिला जिवापाड जपायची.

ही रीत आता उरली नाही, म्हणून सांगायला हवी. घरातला नाहीतर आळीतला वडीलधारा पुरुष समोर बसलेला असला की सुनेने पायातल्या चपला काढायच्या, काखेत धरायच्या आणि त्याच्या नजरेआड होईपर्यंत तसंच चालायचं. हिवाळ्या-पावसाळ्यात त्याचं काही वाटत नसे. पण चैत्र-वैशाखात त्या आळीतल्या काळ्या फरशा अशा तापायच्या की घागरीतून सांडलेलं पाणी बघता बघता उडून जायचं. रीत कोणी घातली कोण जाणे. घालणाऱ्याच्या पायात चपला असणार, एवढं नक्की.

सत्यभामाबाईचं माहेर लोणारकडचं सुलतानपूर. लग्नात भावाने मेहकरच्या बाजारातून चामड्याच्या चपला आणून दिल्या होत्या, कोऱ्या करकरीत, चालताना वाजणाऱ्या. देऊळघाटात आल्यावर त्या पायात कमी आणि काखेत जास्त राहिल्या. शेतातल्या माणसांना दुपारी भाकरीचं टोपलं पोचवायचं काम दोघी सुनांचं, थोरली मनकर्णा आणि धाकटी सत्यभामा. आणि घराच्या ओट्यावर, कडुनिंबाची सावली पडायची तिथे, सासऱ्यांची, कडूबांची, खाट. दम्यामुळे कडूबांचं शेतात जाणं सुटलं होतं. ते दिवसभर खाटेवर बसून आळीकडे बघत राहायचे. आळी सरळसोट, थेट बांगडीवाल्यांच्या अमीनाच्या घरापर्यंत. तिच्या कोपऱ्यावर वळलं की चपला पायात. तोवर फरशी आणि उघडे तळवे.

पहिल्या उन्हाळ्यात त्या कोपऱ्यावर पोचून सत्यभामा एका पायावर उभी राहिली आणि 'पाय भाजले' म्हणाली, तेव्हा मनकर्णाला हसू आलं. भाजते ती भाकर, माणसाचं पोयते, असं तिने धाकटीला शिकवलं. पोळणं हा शब्द साऱ्या मराठी मुलखाचा, पण इकडे पोळीची पोयी होते आणि पाय पोयतात. सत्यभामा तो शब्द त्या उन्हाळ्यात नीट शिकली. तपन ही आभाळातली, ती डोक्याला लागते आणि सावलीत गेलं की सुटते. चटका बसतो आणि माणूस तो विसरून जातो. पोयलेलं मात्र संध्याकाळपर्यंत सोबत असतं, पाय धुवायला बसलं की पुन्हा आठवण देतं. दोघी जावा दिवेलागणीला न्हाणीत पायांवर पाणी घेत बसायच्या आणि सासू, झुंबरबाई, आतून विचारायची की आज स्वयंपाक होणार आहे की नाही.

सासऱ्याशी बोलणं नावालाही नव्हतं. तेव्हा ते कुठल्याच घरात नसायचं. कडूबांना पाणी हवं असलं तर ते दारात बांधलेल्या गोऱ्ह्याला ऐकवायचे की आज घसा फार सुकला, आणि आतून तांब्या यायचा. भाजीत मीठ जास्त झालं तर तेही गोऱ्ह्यालाच कळायचं. सुनेचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही, आणि सुनेनेही डोक्यावरच्या पदराआडून त्यांचे पाय आणि खाटेचे खूर यापलीकडे फारसं काही पाहिलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात कडूबांना एक सवय लागली. चुलीवरचा तवा उतरला, टोपलं भरलं गेलं, की बाहेरून त्यांचा आवाज यायचा, "पोयण झाली." कोणाला उद्देशून नाही, गोऱ्ह्यालाही नाही. पोळायची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ. मग ते आडवे व्हायचे, तोंडावर उपरणं ओढायचे आणि लगेच घोरू लागायचे. म्हातारा माणूस, उन्हाने डोळा लागत असेल, असं सगळे धरून चालले.

एका दुपारी सत्यभामा टोपलं घेऊन एकटीच निघाली होती. खाटेवरून घोरणं ऐकू येत होतं. ओट्याखाली उतरल्यावर तिने चपला काढायला पाय उचलला, आणि तसाच पुन्हा चपलेत घातला. करकर वाजू नये म्हणून ती आधी टाचेवर चालली, मग पुढे तेही सोडून दिलं. अमीनाच्या कोपऱ्यावर पोचली तेव्हा तळवे थंड होते आणि तिला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशीही ती तशीच गेली, आणि मग साऱ्या उन्हाळ्यांत तशीच जात राहिली. कामाच्या दिवसांत दोघी जावा मिळून जायच्या तेव्हा ती मनकर्णाला खुणेने सांगायची की तूही घाल. मनकर्णा मान हलवायची आणि चपला काखेत धरून, पाय भराभर उचलत पुढे निघून जायची. सत्यभामाने तिचं नाव भित्री भागूबाई ठेवलं.

सांगता सांगता गोष्ट वाढली, जशी कुठलीही गोष्ट वाढते. आधी सासरे गाढ झोपेत असायचे. मुलं शाळेत जायला लागली तोवर सासऱ्यांचा एक डोळा उघडा राहू लागला. बचत गटात सांगितली तेव्हा तर ते खाटेवर उठून बसले होते आणि तिने वळूनही पाहिलं नव्हतं. कोणी हटकायला उरलं नव्हतं, मग तिने का आवरावं.

कडूबांचा तो शब्दही घराबाहेर पडला. आधी आळीतली पोरं म्हणू लागली, मग पोरांच्या आया. उन्हात खेळणाऱ्या पोरांना अमीना दारातून ओरडायची की पोयन हो गई, अंदर आओ, आणि पाहुण्या बायकांना वाटायचं हा तिच्या मुसलमानी बोलीतला शब्द. दुपारला दुपार न म्हणता पोयण म्हणायची त्या एका आळीला सवयच होऊन गेली.

आता त्यातलं फार थोडं राहिलंय. कडूबा गेले, झुंबरबाई गेली, शेषरावही गेला. कडुनिंब विजेच्या तारांना लागतो म्हणून तोडला. फरशांवर सिमेंट चढलं. सत्यभामाबाईची सून काजल पायात सँडल घालून, स्कुटीवर बसून तिच्यासमोरून बुलढाण्याला कामाला जाते आणि जाताना हात हलवते. सत्यभामाबाईला याचा राग येत नाही, उलट बरंच वाटतं. पण दुपारी ती ओट्यावर येऊन बसते तेव्हा तिला ती जुनी आळी इतकी आठवते की जीव कासावीस होतो. तेव्हा दुपारीसुद्धा माणसांचा वावर असायचा, कुठे कांडणाचा आवाज, कुठे गुरांच्या गळ्यातली घंटा, अमीनाच्या सासऱ्याचा खोकला. आता दारं लावलेली आणि आत कूलर. आपले पाय पोळायचे ते दिवस चांगले होते असं म्हणणं शुद्ध वेडेपणा आहे, हे तिला कळतं. तरी वाटतंच. मग ती स्वतःशीच म्हणते, पोयण झाली, आणि कूलरच्या आवाजात ते कोणालाही ऐकू जात नाही.

नात निशिगंधा बुलढाण्याच्या कॉलेजात मराठी घेऊन एम.ए. करते. तिच्या सरांनी वर्गाला काम दिलं की आपल्या घरात बोलला जाणारा, पुस्तकात न सापडणारा एक शब्द आणा आणि तो कुठून आला ते शोधा. निशिगंधाने पोयण सांगितला. वर्गात मलकापूरची पोरं होती, चिखलीची होती, जळगाव जामोदची होती. पाय पोयतात हे सगळ्यांना ठाऊक, पण दुपारला पोयण म्हणतात हे कोणी ऐकलं नव्हतं. सरांनीही नव्हतं ऐकलं. त्यांनी पोळणे या क्रियापदाविषयी बरंच काही समजावलं, ते किती जुनं आहे, कुठे कुठे बोललं जातं, आणि मग म्हणाले की हा दुपारचा अर्थ तुमच्याच घरातून निघालेला दिसतो, आजीला विचार, त्यांचं बोलणं फोनवर घेऊन ये, वर्गाला दाखवू.

सत्यभामाबाईला त्यातलं एवढंच ऐकू आलं की आपली गोष्ट कॉलेजात दाखवणार. तिने नवं लुगडं काढलं. शब्दाचं जाऊ दे, असं तिने नातीला सांगितलं, चपलेची गोष्ट घे, शब्द त्यात येईलच. आणि मग तिला सुचलं की गोष्टीला साक्षीदार हवा. शिकलेली माणसं, उद्या म्हणतील म्हातारी थापा मारते. साक्षीदार जगात एकच उरली होती, मनकर्णाबाई, अमडापूरला आपल्या लेकीकडे, कोकिळाकडे राहणारी. तेव्हा रविवारी आजी-नात एसटीने निघाल्या, चिखलीला गाडी बदलून अमडापूरला उतरल्या. वाटेत सत्यभामाबाईने शेजारच्या अनोळखी बाईला गोष्ट एकदा सांगून घेतली, सरावासाठी.

मनकर्णाबाई पार वाळली होती. साखरेच्या आजाराने तिच्या तळपायांची आग व्हायची, औषध चालू होतं, तरी ती दिवसभर पाय गार जमिनीला लावून बसायची. कोकिळा निशिगंधाला घेऊन बाजारात गेली आणि घरात दोघी म्हाताऱ्याच राहिल्या. सत्यभामाबाईने न विचारता कोनाड्यातली काशाची वाटी घेतली, तिला तूप लावलं, थोरल्या जावेचे पाय मांडीवर ओढले आणि तळवे घासायला बसली. मनकर्णाबाई नको नको म्हणाली आणि मग तिने डोळे मिटले.

घासता घासता सत्यभामाबाईने तिला काम समजावलं. पोरगी आली की फोन समोर धरेल, तुम्ही काही बोलू नका, फक्त मान डोलवून हाव म्हणा. मामाजी खाटेवर झोपलेले असत आणि मी चपला घालून जात होती, एवढ्यालाच हाव म्हणायचं. भित्री भागूबाईचं मी सांगणार नाही, तेवढं वगळते.

मनकर्णाबाईने डोळे उघडले.

"झोपलेले नसत ते, भामे."

सत्यभामाबाईचा हात थांबला. तिने स्वतःच्या कानाने घोरणं ऐकलं होतं, ते ती सांगू लागली. मनकर्णाबाईने तिला पुरतं बोलू दिलं आणि मग विचारलं, "रातच्याले कधी घोरले का ते? एवढंसं घर आपलं, सारे एका जागी झोपत होतो. अन् हिवाळ्यात कधी दुपारी आडवे झाले का?"

सत्यभामाबाईने आठवून पाहिलं. हिवाळ्यात कडूबा दुपारभर उन्हाला पाठ करून बसलेले असायचे. रात्री त्यांची धाप ऐकू यायची, घोरणं कधीच नाही. इतकी वर्षं हे तिच्यासमोर होतं.

मग मनकर्णाबाईने सगळं सांगितलं, थांबत थांबत, दम खात. तिनेच चहाडी केली होती. धाकटी सासऱ्यापुढून चपला घालून जाते, म्हातारा झोपला की तिला लाज राहत नाही, असं ती झुंबरबाईला सांगायला गेली होती. झुंबरबाईने तिला आत ओढून दार लोटलं. म्हातारा झोपत नाही, ती म्हणाली. पोरींचे पाय पोळतात हे त्याला बघवत नाही. तोंडाने 'घाला' म्हणावं तर गाव सुनांनाच नावं ठेवील, आणि सुनेशी बोलायचं तरी कसं. म्हणून टोपलं निघायच्या आधी तो ओरडून सांगतो की पोयण झाली, आणि उपरणं ओढून पडून राहतो.

"मले म्हणे, धाकटीले सांगजो नोको," मनकर्णाबाई म्हणाली. "तिले समजलं का म्हातारा जागी हाय, तर ते चपला काढन."

सत्यभामाबाईला आधी रागच आला. मग आपली हिंमत कुठे गेली? साऱ्या गावाला सांगितलं ते काय होतं? म्हाताऱ्याने दिलेली मोकळीक आपण लुटून आणल्यासारखी मिरवली, आणि तो खाटेवर उपरण्याखाली पडून चपलांची करकर ऐकत होता. तिला हसणाऱ्या बायका आठवल्या आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तेवढ्यात मांडीवरच्या पायांकडे तिचं लक्ष गेलं आणि राग तिथल्या तिथे विरला.

"पण जाऊबाई, ते तर दोघींसाठी झोपत होते. तुमी काऊन काढत होत्या चपला?"

"मले माहीत होतं ना, बाई," मनकर्णाबाई म्हणाली. "ते जागी हायेत हे माहीत असल्यावर कशा घालू?"

कडूबांनाही ते कळलं होतं. थोरली अजून अनवाणीच जाते म्हटल्यावर त्यांनी ओळखलं की बायकोने तिला सांगून टाकलं, आणि ते झुंबरबाईवर फार चिडले. दार बंद होतं, पण मनकर्णाने ऐकलं होतं. एक पोरगी पोयते ते तुह्यानं, असं ते म्हणाले होते. त्यानंतरही ते रोज झोपत राहिले, धाकटीसाठी. आणि थोरली रोज त्यांच्यासमोरून फरशी तुडवत गेली, कारण चहाडी करायला गेली आणि नको ते ऐकून आली.

सत्यभामाबाईला रडू फुटलं. ते कोणासाठी, म्हाताऱ्यासाठी की मांडीवरच्या या दोन पायांसाठी, ते तिला सांगता आलं नसतं. भित्री भागूबाई. इतक्या बारशांत, इतक्या बैठकांत तिने जावेला भित्री ठरवलं होतं, आणि जाऊ इथे बसून एकदाही बोलली नव्हती. मनकर्णाबाई म्हणाली, रडतेस काय, मला घासून बरं वाटतंय, तेवढं कर. सत्यभामाबाईने पदराने डोळे पुसले, वाटीला पुन्हा तूप लावलं आणि दुसरा पाय घेतला.

निशिगंधा आणि कोकिळा कलिंगड घेऊन आल्या. निशिगंधाने खुर्चीच्या पाठीला फोन टेकवला, आजीला पदर नीट करायला लावला आणि म्हणाली, चला, आता चपलेची गोष्ट.

"ते नाई सांगत," सत्यभामाबाई म्हणाली.

निशिगंधाला वाटलं, आजीला फोनसमोर लाज वाटते आहे. तिने समजावून पाहिलं, एसटीत तर अनोळखी बाईला सांगत होतीस म्हणाली. सत्यभामाबाई वाटी फिरवत राहिली. शेवटी नातीने तो नाद सोडला आणि सरांनी लिहून दिलेले साधे प्रश्न काढले. पोयण म्हणजे काय, हा पहिला.

"दुपार. उन्हाळ्यातली."

"आणि हा शब्द कोण वापरायचं? कोणाशी बोलताना?"

सत्यभामाबाईने वाटी खाली ठेवली.

"तुह्या पणजोबाचा शब्द हाय," ती म्हणाली. "माह्याशी बोलताना म्हणत."